जड अंगाच्या मल्लाची कुस्ती

जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांत ग्रामदैवताची यात्रा आणि कुस्त्यांचा हगामा यांची जोडी फार जुनी आहे. पालखी निघाली, छबिना झाला, घाटांत बैलगाडे पळाले, रात्रीं तमाशा रंगला, तरी मोकळ्या रानांत मातीचा आखाडा भरल्याशिवाय यात्रा पुरी झाली असें कोणी मानीत नाहीं. ओतूरला मांडवी नदीच्या कांठीं श्रीकपर्दिकेश्वराची यात्रा श्रावणांतल्या सोमवारीं भरते. कोरड्या तांदळाच्या एकावर एक रचलेल्या पिंडींचें दर्शन घेऊन भाविक बाहेर पडतात, आणि त्यांतले पुष्कळजण तसेच आखाड्याकडे वळतात. प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या लागतात. पूर्वीं त्या मूठभर रेवड्यांवर होत. मग इनामाची रक्कम चढत जाते, जोडीचें वय आणि वजन चढत जातें, आणि दिवस कलतां कलतां मोठ्या पैलवानांची वेळ येते.

अशा आखाड्यांत एक देखावा वारंवार पाहावयास मिळतो. एका बाजूनें धिप्पाड, भरल्या अंगाचा तरुण उतरतो. दुसऱ्या बाजूनें त्याच्याहून वीस-पंचवीस किलोनें हलका, काटक असा प्रतिस्पर्धी येतो. हलगी घुमते, सलामी होते, आणि पाहणारा प्रत्येक मनुष्य मनांतल्या मनांत निकाल देऊन मोकळा होतो. पांच-सात मिनिटें गेल्यावर मात्र निराळाच प्रकार दिसूं लागतो. जड गडी धापा टाकूं लागतो, त्याचे हात खालीं येतात, पाय मातींत रुतल्यासारखे होतात, आणि हलका गडी त्याच्या बगलेखालून निसटून पाठीवर जातो. शेवटीं तो धिप्पाड देह उताणा पडतो, तेव्हां गर्दींत टाळ्यांबरोबर हंशाहि पिकतो. विजयी मल्लाचें कौतुक योग्यच आहे. परंतु पराभूताविषयीं निघणारे ‘नुसतें पोतें वाढवलें आहे’ यासारखे उद्गार न्यायाचे नव्हेत. बहुधा त्या मुलाला वजन वाढविण्यास सर्वांनीं सांगितलेलें असतें. त्या वजनाचें करावयाचें काय, हें मात्र कोणींच शिकविलेलें नसतें.

जड अंगाच्या मल्लानें आपली कुस्ती कशी सुधारावी, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. त्याचें सार एका वाक्यांत सांगतां येईल: वजन हें भांडवल आहे, कमाई नव्हे. भांडवल ज्याच्या हातीं आहे तो श्रीमंत होईलच असें नाहीं. तें गुंतविण्याची अक्कल असेल तरच होईल.

अशा एका मुलाची कल्पना करावी. वय अठरा, वजन एकशेंदहा किलो. घरचें रान कुकडीच्या कालव्याखालीं. कधीं टोमॅटो लावलेले, कधीं ऊंस. घरांतल्या दोन म्हशींपैकीं एकीचें दूध डेअरीला जातें, दुसरीचें या मुलाच्या खुराकाला. बदाम, तूप, अंडीं यांचा खर्च आईबापांच्या बेताच्या मिळकतींतून निघतो. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा विचार चालू असतांना थोरल्याच्या खुराकाला हात लावावयाचा नाहीं, असा त्या घराचा नियम. इतकें सर्व करून मुलगा हगाम्यांत आपल्याहून हलक्या मुलांकडून पडतो, आणि तालमीच्या कोपऱ्यांत बसून वस्तादांना विचारतो, “वस्ताद, वजन माझें जास्त, जोरहि माझा जास्त, मग पडतों मी कसा?”

वस्ताद म्हणतात, “गड्या, वजन तुझें खरें, पण तें वापरतो समोरचा. तूं त्याच्यावर रेलतोस. रेललेलें ओझें खांद्यावर घेऊन पलीकडे टाकावयाला फारसा जोर लागत नाहीं.”

वस्तादांच्या या उत्तरांत साऱ्या शास्त्राचें बीज आहे. जड पदार्थ चालू करण्यास कष्ट पडतात, तसेच तो थांबविण्यासहि पडतात. भरलेली बैलगाडी उतारावर सुटली म्हणजे ती आवरणें बैलांनाहि जड जातें. जड मल्ल एकदां आवेशानें पुढें झुकला कीं त्याला स्वतःलाच मागें येतां येत नाहीं. तेवढा क्षण हलक्या मल्लास पुरतो. तो बाजूला सरून त्या आवेशालाच दिशा देतो. धोबीपछाड, ढाक, कलाजंग हे डाव समोरच्याचा भार पुढें आलेला असेल तेव्हांच उत्तम बसतात. धोबीपछाडींत त्याचा हात ओढून खांद्यावरून फेंकावयाचें. कलाजंगांत त्याच्या खालीं शिरून त्याला खांद्यांवर आडवें घ्यावयाचें. म्हणजे जड मल्लाचें पतन पुष्कळदां त्याच्याच जोरानें होतें.

यावरून पहिला धडा उभें राहण्याचा. कोणतीहि वस्तु स्थिर केव्हां असते? तिचा पाया रुंद असतो, भाराचा मध्य खालीं असतो, आणि तो पायाच्या आंत असतो तेव्हां. जड मल्ल बहुधा दीपमाळेसारखा ताठ उभा राहतो, कारण गुडघे वांकवून राहणें त्याला त्रासाचें वाटतें. आणि थकला म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर डोकें ठेवून विसांवा घेतो. या दोन्ही संवयी मोडल्या पाहिजेत. गुडघे वांकलेले, कंबर खालीं, पाठ सरळ, मान वर, कोंपरें अंगाशीं, आणि एक पाय किंचित् पुढें, अशी त्याची बैठक हवी. पाऊल आखूड आणि जमिनीलगत सरकणारें असावें. एक पाय दुसऱ्यावरून ओलांडूं नये. जपानांतील सुमो मल्लांना वजनाचे गट नाहींत, आणि त्यांतले पुष्कळ दीडशें किलोंच्या वरचे असतात. त्यांच्या नित्य मेहनतींत तळवे जमिनीवरून न उचलतां, खालीं बसत्या अंगानें सरकत चालण्याचा सराव असतो. हेतु एवढाच कीं भार कोणत्याहि क्षणीं एका पायावर उघडा पडूं नये. आपल्या तालमींतहि हौद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असें सरकत जाण्याच्या रोज दहा-वीस फेऱ्या सहज होतात. त्यास साहित्य लागत नाहीं. चिकाटी मात्र लागते.

दुसरा धडा जागेचा. हलका गडी फिरत राहतो, आणि जड गडी त्याच्या मागें लागतो, हीच चूक. जो मध्यभागीं उभा आहे त्याला एक पाऊल वळावें लागतें, तेव्हां कडेनें फिरणाऱ्याला तीन पावलें टाकावीं लागतात. म्हणून जड मल्लानें मध्य धरावा, पाठलाग करूं नये, आणि समोरच्याला हळूहळू कडेकडे ढकलीत न्यावें. गादीवरच्या फ्रीस्टाइल कुस्तींत तर याला रोख मोल आहे. तेथें तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात, मध्यें तीस सेकंदांची विश्रांति. प्रतिस्पर्धी वर्तुळाबाहेर गेला कीं एक गुण मिळतो; त्याला खालीं आणून कब्जा घेतला कीं दोन. जड गटांतल्या लढतींत पुष्कळदां एका-दोन गुणांचाच फरक राहतो. २०२० च्या जानेवारींत पुण्यास बालेवाडी येथें झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतींत हर्षवर्धन सदगीर यानें शैलेश शेळके याच्यावर ३-२ असा विजय मिळविला. ज्या खेळांत राज्याची गदा एका गुणावर ठरते, त्यांत मध्य धरून शांतपणें पुढें सरकणारा मल्ल डोळे झांकून धांवणाऱ्याच्या पुढें राहतो.

तिसरा धडा हातांचा. सलामीनंतरची खडाखडी प्रेक्षकांना कंटाळवाणी वाटते. परंतु जड मल्लाची अर्धी कुस्ती तेथेंच होते. समोरच्याचें मनगट धरावें, दुसऱ्या हाताचा पंजा त्याच्या मानेमागें ठेवावा, आणि कोंपर त्याच्या छातीला लावून मानेवर भार द्यावा. येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. स्वतःचें अंग टाकून रेलणें निराळें, आणि आपले पाय घट्ट ठेवून हातानें भार देणें निराळें. पहिल्यांत आपला तोल समोरच्याच्या हातीं जातो. दुसऱ्यांत त्याची मान, पाठ आणि दम आपल्या हातीं येतो. एकशेंदहा किलोंच्या गड्याचा हात मानेवर चार मिनिटें राहिला, तर हलक्या गड्याची चपळाई निम्म्यावर येते. त्यानंतर दोघांतला फरक पुन्हा वजनाचा राहतो, गतीचा राहत नाहीं.

चौथा धडा डावांच्या निवडीचा. आपल्याकडे डावांची संपत्ति विपुल आहे, आणि मुलांना नवा डाव शिकण्याची हौस असते. जड मल्लानें या हौसेला आवर घालावा. त्याला दोन किंवा तीन डाव पुरेत. मात्र ते एकाच पकडींतून निघणारे असावेत. मनगट आणि मान या एकाच पकडींतून एकदां ओढून टांग मारतां येते, एकदां एकेरी पट काढतां येतो, आणि एकदां नुसताच हिसका देऊन त्याला गुडघ्यांवर आणतां येतें. आरंभ सारखा आणि शेवट निराळा असला, म्हणजे समोरच्याला अगोदर ओळखतां येत नाहीं. जड गडी चपळाईनें फसवूं शकत नाहीं. परंतु सारखेपणानें फसवूं शकतो, आणि ही फसवणूक अधिक भरंवशाची असते.

पांचवा धडा वाट पाहण्याचा. हलक्या मल्लाला जिंकावयाचें असेल तर केव्हांतरी आंत शिरावेंच लागतें, आणि तो शिरतो तो बहुधा पटासाठीं. तोच जड मल्लाचा सोन्यासारखा क्षण होय. पायाला हात लागतांच दोन्ही पाय मागें फेंकावे, कंबर खालीं टाकावी, आणि छातीचा सर्व भार त्याच्या खांद्यांवर आणि मानेमागें द्यावा. पायाशीं झोंबणारा गडी आतां एकशेंदहा किलोंखालीं सांपडला. येथें घाई करूं नये. एक श्वास घ्यावा, त्याची पकड सैल होऊं द्यावी, मग वळसा घालून पाठीवर जावें आणि कब्जा घ्यावा. पुढें घिस्सा किंवा सवारी, ज्याचा हात बसला असेल तो डाव. ज्या जड मल्लानें हा एक प्रसंग हजार वेळां घोटला आहे, त्याच्या पायांत शिरण्यापूर्वीं चपळ गडी दोनदां विचार करतो. आणि विचार करीत थबकलेला चपळ गडी म्हणजे अर्धा जिंकलेला गडी.

सहावा धडा सर्वांत कठीण, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. तो खालीं गेल्यावर वर येण्याचा. जड मल्ल एकदां पोटावर पडला कीं तेथेंच पसरून राहतो. आपण एवढे जड आहों, आपल्याला कोण उलथणार, अशी त्याची समजूत असते. या समजुतीची कथा जगप्रसिद्ध आहे. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. गामा दोनशें पौंडांच्या आसपास, झिबिस्को अडीचशेंच्या घरांतला. आरंभींच खालीं गेलेल्या झिबिस्कोनें जमीन धरली, आणि अडीच तासांच्या आसपास चाललेल्या त्या लढतींतला बहुतेक काळ तो तसाच चिकटून राहिला. गामाला त्याला चीत करतां आलें नाहीं. कुस्ती अनिर्णित राहिली; परंतु पुढच्या आठवड्यांतल्या फेरकुस्तीस झिबिस्को आलाच नाहीं, आणि गामा विजयी ठरला. पुढें १९२८ मध्यें पतियाळा येथें दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हां गामानें एका मिनिटाच्या आंत त्याला अस्मान दाखविलें. झिबिस्को सामान्य मल्ल नव्हता. जगांतल्या नामांकितांत त्याची गणना होती. तथापि दगडासारखें पडून राहिल्यानें पराभव पुढें ढकलला जातो, जय पदरांत पडत नाहीं, हेंच त्या कथेचें सार. आज गादीवर तर निष्क्रिय राहणाऱ्याला पंच ताकीद देतात, आणि पुढें त्याबद्दल गुणहि जातो.

म्हणून वस्तादांनीं जड मुलाला रोज खालून सुरुवात करावयास लावावी. तो पोटावर, त्याच्या पाठीवर जोडीदार, आणि काम एकच: उठणें. कोंपरें अंगाशीं आणावीं, एक गुडघा पोटाखालीं घ्यावा, कंबर बाजूला काढावी, समोरच्याचा हात मनगटाशीं धरून पकड सोडवावी, आणि उभें राहावें. प्रारंभीं दहापैकीं एकदां उठतां येईल. महिन्या-दोन महिन्यांत चारदां येईल. ज्याला खालून उठतां येतें त्याला वर असतांना भीति राहत नाहीं. आणि भीति गेली कीं जड मल्लाची निम्मी घाई आपोआप जाते. त्याचबरोबर मानेची मेहनत नियमानें व्हावी, कारण खांदे टेंकण्याच्या शेवटल्या क्षणीं देहाचा पूल मानेवरच उभा राहतो. मात्र मानेची मेहनत वस्तादांच्या देखरेखीखालीं आणि चढत्या क्रमानेंच करावी. एकाएकीं सर्व भार मानेवर घेणें घातक आहे.

आतां दमाविषयीं. जड देह हालविण्यास प्रत्येक पावलाला अधिक शक्ति लागते. शिवाय मोठ्या देहांत उष्णता अधिक निर्माण होते आणि त्या मानानें कातडीचा पृष्ठभाग कमी असल्यामुळें ती लवकर बाहेर पडत नाहीं. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत जड मल्ल आधीं कां थकतो, याचें हें कारण आहे. त्यांत आळसाचा संबंध असतोच असें नाहीं. त्यावर उपाय दोन. एक, हगाम्याच्या दिवशीं सावलींत बसावें, थोडें थोडें पाणी पीत राहावें, आणि अंग गरम करण्याच्या नांवाखालीं उन्हांत शंभर बैठका मारूं नयेत. दुसरा उपाय वर्षभराचा. जुन्नरच्या मुलाला दम कमावण्यासाठीं दूर जावयास नको. शिवनेरीची वाट आहे, लेण्याद्रीच्या पायऱ्या आहेत. आंबेगांवच्या पश्चिम भागांत तर घराबाहेर पाऊल टाकलें कीं चढच लागतो. आठवड्यांतून तीन दिवस सकाळीं चढावें, नाकानें श्वास घेत, न थांबतां. उतरतांना मात्र धांवूं नये, कारण शंभर किलोंवरच्या देहाचा उतारावरचा आघात गुडघे फार दिवस सोसत नाहींत. बाकीच्या दिवशीं हौदा उकरावा. फावड्यानें माती वरखालीं करण्याच्या या जुन्या मेहनतींत पाय, कंबर, पाठ आणि पंजे एकाच वेळीं कामाला लागतात, आणि दमहि वाढतो.

वजन किती असावें, या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. जितकें वजन घेऊन मुलगा सहा मिनिटें पायांवर लढूं शकतो, तितकेंच त्याचें खरें वजन. त्याहून अधिक आहे तें प्रतिस्पर्ध्याचें, कारण उपयोग त्यालाच होतो. फ्रीस्टाइलच्या सर्वांत जड गटाची मर्यादा १२५ किलो आहे, आणि महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा. या आंकड्यांचा एक वाईट परिणाम असा होतो, कीं पंच्याण्णव किलोंचा चपळ मुलगा वर्षभरांत एकशेंवीस किलोंचा करून दाखविण्याची घाई घरच्यांना सुटते. अशा घाईंत बाजारांतल्या अनोळखी पुडी आणि सुया तालमीच्या दारापर्यंत येतात. त्यांनीं अंग फुगतें. परंतु हृदय, यकृत आणि नांव यांना धोका होतो, आणि तपासणींत सांपडल्यास कित्येक वर्षें आखाडा बंद होतो. दूध-भाकरीनें हळूहळू वाढलेलें अंग मल्लाचें स्वतःचें असतें.

थोरांच्या उदाहरणांवरूनहि हेंच दिसतें. सांगली जिल्ह्यांतल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या मातींत घडले आणि १९६० मध्यें हिंद केसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता येथील एशियाई खेळांत त्यांनीं सर्वांत जड गटांत ग्रीको-रोमन कुस्तीचें सुवर्णपदक आणि फ्रीस्टाइलचें रौप्यपदक मिळविलें. ग्रीको-रोमन प्रकारांत कंबरेखालीं हात लावण्यास आणि पायांचा डावासाठीं उपयोग करण्यास मनाई असते. मातींतल्या मल्लानें हे परके नियम आत्मसात् करून जिंकणें हें केवळ वजनाचें काम नव्हे. तेथें समज लागते.

दुसरें उदाहरण सिडनीचें. रशियाचा अलेक्झांडर कारेलिन हा १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत सर्वांत जड गटाचें सुवर्णपदक घेतलेला मल्ल. पालथ्या पडलेल्या शंभर किलोंवरच्या माणसाला कंबरेला मिठी घालून उचलावयाचें आणि मागें फेंकावयाचें, हा त्याचा डाव साऱ्या जगाला माहीत होता, तरी तो कोणाला अडवितां येत नसे. २००० च्या अंतिम लढतींत अमेरिकेचा रूलन गार्डनर त्याच्यापुढें उभा राहिला. हा मुलगा वायोमिंग प्रांतांतल्या दुभत्या गाईंच्या शेतावर वाढलेला. त्यानें अचाट असा एकहि डाव केला नाहीं. त्यानें आपली कंबर उचलूं दिली नाहीं, पाय ढळूं दिले नाहींत, आणि छातीशीं छाती लावून तो शेवटपर्यंत रेटत राहिला. परस्परांना मिठी घालण्याच्या प्रसंगीं कारेलिनची पकड सुटली, त्याचा एक गुण गार्डनरला मिळाला, आणि १-० असा निकाल लागला. जड मल्लाच्या कुस्तींत तेज दिसलें नाहीं तरी चालेल; पाय ढळतां कामा नयेत.

आणि एक क्षण ढळल्यास काय होतें, याचें उदाहरण शेजारच्या खेड तालुक्यांतलें आहे. राक्षेवाडीचा शिवराज राक्षे २०२३ च्या जानेवारींत पुण्यास महेंद्र गायकवाड याला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत फुलगांव येथें अंतिम फेरींत तोच राक्षे सिकंदर शेख याच्याकडून अर्ध्या मिनिटाच्या आंत चीत झाला. दहा महिन्यांत राक्षेचें बळ कमी झालें होतें असें कोणी म्हणणार नाहीं. या गटांत दोन्ही बाजूंना एवढा भार असतो, कीं तोल एकदां गेला म्हणजे तो सांवरण्यास वेळच मिळत नाहीं. म्हणून जड मल्लानें पहिल्या सेकंदापासून सावध असावें. अंग गरम होईपर्यंत थोडें सांभाळून घेऊं, ही सवलत त्याला नाहीं.

तालमींतल्या जोडीदारांविषयीं एक महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. जड मुलगा आपल्याएवढाच जोडीदार शोधतो आणि न मिळाल्यास कंटाळतो. वस्तुतः त्याला दोन्ही प्रकारचे जोडीदार हवेत. जड जोडीदाराकडून भार सोसणें कळतें. हलक्याकडून गति कळते. डोंगरकपारींतल्या गांवचा सत्तर किलोंचा चपळ मुलगा हा त्याचा खरा गुरुबंधु. त्याच्याशीं लढतांना जड मुलानें वजनावर जिंकण्याचा हट्ट सोडावा आणि केवळ पाय, हात आणि वेळ यांवर लढावें. शिवाय येथें जबाबदारीहि आहे. एकशेंदहा किलोंचा देह समोरच्याच्या बरगड्यांवर किंवा मानेवर बेफिकिरीनें टाकला, तर एखाद्या घरचा कर्ता मुलगा कायमचा जायबंदी होऊं शकतो. डाव टाकतांना आपल्या हातानें त्याला सांवरणें, आपला भार गुडघ्यावर घेणें, हें जड मल्लाचें शील होय. ज्याच्याशीं सराव करण्यास लहान मुलें भीत नाहींत, त्याला जोडीदाराची वाण पडत नाहीं. आणि जोडीदार ज्याला भरपूर, त्याची कुस्ती सुधारल्याशिवाय राहत नाहीं.

त्या अठरा वर्षांच्या मुलाच्या घरीं या सर्वांचा अर्थ काय? म्हशीचें दूध, बापाचें रान आणि बहिणीची फी यांच्या बरोबरीनें त्याच्यावर पैसा खर्च होत आहे. तो केसरी होईल कीं नाहीं, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. शेंकडोंतून एखादाच होतो. जो केवळ वजनावर लढला, त्याच्यापाशीं तिशींत कुस्ती सुटल्यावर उरतें तें केवळ वजन. खुराकाची संवय सुटत नाहीं, मेहनत मात्र सुटते, आणि पूर्वींचा मल्ल चाळिशींत गुडघे धरून दवाखान्याच्या बांकावर बसलेला आढळतो. उलट, ज्यानें पाय, दम, धीर आणि उठण्याची विद्या कमावली, त्यानें मेहनतीबरोबर खुराकहि बेतानें उतरविला तर तो पुढें गांवच्या तालमींत चार मुलांना उभें करूं शकतो, पोलिसांत किंवा सैन्यांत उमेदीनें जाऊं शकतो, किंवा रानांत दिवसभर ताठ कंबरेनें राबूं शकतो.

ज्या घरांत, ज्या तालमींत असा भरल्या अंगाचा मुलगा असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं त्याला आणखी एक वाटी तूप वाढण्यापूर्वीं एवढें पाहावें: तो गुडघे वांकवून किती वेळ उभा राहतो, पाठीवर जोडीदार घेऊन खालून उठतो कीं नाहीं, आणि लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर त्याला शांतपणें दोन वाक्यें बोलतां येतात कीं नाहीं. या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक आलीं, तर तूप खुशाल वाढावें. तोंपर्यंत मुलाला वाटींतल्या तुपाहून हौद्यांतल्या फावड्याची गरज अधिक आहे.